बारा मीटर अलीकडे

खाणीवर मला राहायला दिलेल्या पत्र्याच्या कॅबिनला एक खिडकी होती, पण ती उघडत नसे. माझ्याआधी तिथे राहून गेलेल्या कोणीतरी लाल धूळ आत येऊ नये म्हणून तिच्या फटींत डांबर भरून ठेवलं होतं. धूळ तरीही दारातून आत यायची आणि मी मात्र आत कोंडून पडायची. बाहेर पडावं तर कुठे? एका बाजूला खाणीचा खड्डा, दुसऱ्या बाजूला जंगल, आणि मधून एकच रस्ता. त्यावरचा वनखात्याचा नाका संध्याकाळी बंद व्हायचा. खाणीच्या फाटकातून निघायचं तर मॅनेजरच्या सहीचा पास लागायचा. अर्जुनी मोरगावची बस ज्या रस्त्यावरून जाते तो रस्ता तिथून चौदा किलोमीटर. मी चिडकी आहे असं घरचे लहानपणापासून सांगत आलेत, पण त्या कॅबिनमध्ये मी जेवढी चिडले तेवढी आयुष्यात कधी चिडले नव्हते. भातातल्या खड्यावर चिडले, पंख्याच्या खडखडीवर चिडले, आणि ऐकायला कोणी नाही म्हणूनही चिडले.

माझं काम समजायला सोपं आहे. इमारत बांधण्याआधी जमिनीत बोअर मारायचे, खालची माती वर काढून पाहायची, आणि पाया किती खोल घ्यावा, त्यावर किती भार टाकावा, ते लिहून द्यायचं. बोअर मारताना ठरावीक खोलीवर थांबून एक चाचणी घेतात. साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा पाऊण मीटरवरून रॉडवर सोडत राहायचं आणि रॉड एक फूट आत जायला किती ठोके लागले ते मोजायचं. ठोके जास्त लागले तर जमीन घट्ट, कमी लागले तर सांभाळा. पुढची आकडेमोड ऑफिसात बसून होते, पण खरं काय ते या ठोक्यांत कळतं.

त्या खाणीवर कामगारांसाठी दुमजली क्वार्टर बांधायचे होते. खाली अकरा घरं, वर अकरा. लांबुडक्या इमारतीच्या चार कोपऱ्यांवर मला चार बोअर घ्यायचे होते. दिवाळी होऊन गेली होती, आजूबाजूच्या बांध्यांतलं, म्हणजे भातखाचरांतलं, धान कापून झालं होतं. बोअर मारायचं यंत्र ट्रॅक्टरवर बसवलेलं होतं आणि ते चालवणारा ड्रिलर बालाघाटकडचा, पिकल्या मिशांचा, माझ्याहून तीस वर्षांनी मोठा माणूस होता. पूर्वेकडचे दोन बोअर सुरळीत झाले. पश्चिमेकडे मात्र जमीन खोलगट आणि ओलसर, त्यात बेशरमाची झुडपं माजलेली. ट्रॅक्टरचं पुढचं चाक तिकडे वळलं आणि वीतभर रुतलं.

"मॅडमजी, उधर नहीं जाएगी गाडी. फस गई तो दो दिन निकालने में जाएँगे," ड्रिलर म्हणाला. मग हळूच पुढे, "थोडा इधर ले लेते हैं. सब लेते हैं."

सगळे घेतात, हे खरं होतं. आमच्या धंद्यात यंत्र जिथे उभं राहू शकतं तिथे बोअर होतो. एखाद-दोन मीटर इकडेतिकडे सरकवतात आणि तसं लिहितात, त्यात काही पाप नाही. आम्ही दोन्ही बोअर बारा मीटर अलीकडे, पूर्वेच्या कोरड्या, किंचित उंच पट्ट्यावर घेतले. म्हणजे चारही बोअर त्या एकाच पट्ट्यावर झाले. आता हे लिहायचं तर गोंदियाहून सर्व्हेअर येणार, नवा नकाशा होणार, ऑफिसची मंजुरी येणार, आणि तोवर मी कॅबिनमध्ये आणखी आठ दिवस. एकोणीस दिवस आधीच झाले होते. मी नोंदवहीत 'जागा: नकाशाप्रमाणे' एवढं लिहिलं आणि खाली सही केली. सुटायची घाई होती, दुसरं कारण नाही.

आणि माती तरी काय सुरेख लागली होती! पिवळसर, घट्ट, मधे मुरमाचे बारीक थर, नळीतून बाहेर काढली की सुरीने कापाव्यात अशा वड्या. फुटाला तीस-पस्तीस ठोके. आम्ही कोहळी. आमच्या वाडवडिलांनी गावोगाव तलाव बांधले. माती हातात मळून, गोळा करून, पाण्यात टाकून ठेवायची आणि विरघळली नाही तर ती चांगली, हे आमच्याकडे पोरं खेळता खेळता शिकतात. मीही तिथे एक गोळा करून मगातल्या पाण्यात टाकला. सकाळी तो जसाच्या तसा होता. मला घरची आठवण आली, बरं वाटलं, आणि ही एवढी चांगली माती इथे आली कुठून हे विचारायचं सुचलंच नाही.

रिपोर्ट गेला, मंजूर झाला. दीड महिन्याने पायाचे खड्डे खणायची वेळ आली तेव्हा ऑफिसने मला पुन्हा तिथेच पाठवलं. खड्ड्याचा तळ पाहून मी 'ठीक आहे' अशी सही केली की मगच त्यात काँक्रीट पडायचं. कॅबिन तेच, खिडकी तीच.

या वेळी माझी ओळख झाली ती मेसमध्ये स्वयंपाक करणाऱ्या बाईशी. चोरखमारा गावाकडची, तिशीतली, नवरा खाणीतच क्रशरवर, दोन लेकरं. नवऱ्याची नोकरी जुनी म्हणून तिला खालच्या मजल्यावरची पश्चिमेकडची कोपऱ्यातली खोली कबूल झाली होती. जमिनीवर चुन्याच्या रेघा आखल्या होत्या. काम आटोपलं की रोज दुपारी ती येऊन आपल्या रेघांच्या आत उभी राहायची, बाहेर नाही.

"हे माही खोली, म्याडम. इथं गॅस ठेवीन. इथं देव. आन् इथं खिडकी पायजे, पन इंजिनेर म्हन्ते, नकाशात नाई."

"खिडकी उघडणारी असली तरच माग," मी म्हणाले. तिला हसू आलं. माझं कॅबिन तीच झाडायची.

जेसीबीने पहिला खड्डा पूर्वेकडे खणला, दुसरा तिच्याच कोपऱ्यात. पूर्वेकडच्या खड्ड्यात माझी ती पिवळी घट्ट माती होती. इथे हातभर मुरमाखाली काळाकुट्ट चिखल निघाला. त्याला कुजका वास, त्यात नखाएवढे पांढरे शिंपले, आणि बाजूने पाणी झिरपत होतं. तलावाच्या गाळात पाय बुडवून वाढलेल्या पोरीला तो वास काय आहे हे सांगावं लागत नाही.

फोनला रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर मिळायची. मी वर चढून बाबांना फोन लावला. ते आयुष्यभर गावच्या तलावाचं पाणी शेतांना वाटून देत आले, आता थकलेत.

"बाबा, पिवळी घट्ट माती हाये. मुरमाचे थर दिसून रायले, बोटबोटभर."

"किती रुंद?"

"पंधरा-सोळा पावलं. लांब मात्र खूप हाये."

"सरळ जाते?"

"सरळ."

"मंग थे माती तिथची नाई. कोनी आनून, थर टाकून, बैलं फिरवून दाबली. तलावाची पाळ हाये थे. तू पाळीवर उभी राहून कायले मोजून रायली? आतल्या अंगाले काय हाये, थे पाय."

"पायलं. गाळ हाये."

ते म्हणाले, "जुनी बोडी असंल. फुटली असंल कधी. तुले दिसली नाई?"

बोडी म्हणजे छोटा तलाव, आणि पाळ म्हणजे त्याचा मातीचा बांध. खाणवाल्यांनी डोझर फिरवून वरचा उंचवटा सपाट केला होता, हे खरं. पण लांब सरळ उंच पट्टा, त्याच्या एका अंगाला ओल आणि बेशरम, एवढं पाहून आमच्या घरातल्या सहा वर्षांच्या पोरीनेसुद्धा सांगितलं असतं. मी मोठी झाले, शिकले, नकाशा वाचायला लागले, आणि मला दिसली नाही. बाबांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढचे तीन दिवस मी नुसती टाळाटाळ केली. आधी मी पाणी उपसा म्हणाले. मग आणखी मीटरभर खोदा म्हणाले. खाली गाळच. मग म्हणाले, उद्या पाहू. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तशी गत. सही केली तर अर्धी इमारत घट्ट पाळीवर आणि अर्धी गाळात उभी राहणार. गाळ दबत जाणार, पाळ दबणार नाही, आणि दोन-चार वर्षांत भिंती मधोमध फाटणार. सही नाही केली तर जुन्या नोंदवहीतलं माझं खोटं उघडं पडणार. मला कोणी कोंडलेलं नव्हतं, दाराला बाहेरून कडी नव्हती, तरी मी खड्डा ते कॅबिन आणि कॅबिन ते खड्डा एवढ्यातच येरझारा घालत होते. जेवण जाईना. खड्ड्यापाशी चहा घेऊन आली की स्वयंपाकवाली बाई रोज तेच विचारायची, "कवा भरतील, म्याडम?" आणि मी तिच्यावर खेकसायची.

चौथ्या दिवशी मी मॅनेजरकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. हात दाखवून अवलक्षण! मॅनेजर नागपूरचा, गोड बोलणारा माणूस. त्याने आधी मला पाणी दिलं. मग कपाटातून माझा रिपोर्ट काढला आणि ते पान उघडलं.

"इथे तुम्ही लिहिलंय, जागा नकाशाप्रमाणे. ही सही तुमचीच ना?"

"माझीच."

"मग झालं तर. बोअर जागेवरच झाले. फक्त एका कोपऱ्यात थोडा गाळ लागला. आपण वरचा गाळ काढू, मुरूम भरू, सळई जाड टाकू. असं ठिकठिकाणी होतं. तुम्ही तरुण आहात मॅडम, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेता?"

मी म्हणाले, दोन दिवस मला घरी जाऊ द्या, पास द्या. "काम संपलं की लगेच," तो म्हणाला, आणि मंजुरीचा छापील कागद माझ्या हातात दिला. त्याच्या आवाजात धमकी नव्हती. तीच तर पंचाईत होती, भांडायलासुद्धा जागा नव्हती.

खरं सांगायचं तर मी तो कागद भरला. खड्ड्याचा नंबर लिहिला, खोली लिहिली, तारीख लिहिली. सही तेवढी राहिली होती, तेवढ्यात स्वयंपाकवाली बाई दुपारचं ताट घेऊन आली. कागद पाहून तिला वाटलं, काम मार्गी लागलं.

"म्याडम, माह्या डोक्यावर किती घरं रायतील?"

"वर अकरा आहेत. बरोब्बर डोक्यावर एक."

"तेवढ्याचं वजन सोसते ना खालची जमीन?"

तिने सहज विचारलं होतं, भात वाढता वाढता. ताट तसंच ठेवून मी ड्रिलरला शोधायला निघाले.

त्याचं यंत्र अजून खाणीवरच होतं, क्रशरच्या पायासाठी. मी म्हणाले, कोपऱ्यावर बोअर घ्यायचाय, नेमका कोपऱ्यावर, एक फूटही इकडे नाही. त्याने लाकडाच्या जाड फळ्या मागवल्या, ओल्या जमिनीवर एकापुढे एक अंथरल्या आणि ट्रॅक्टर त्यांवरून हळूहळू नेऊन उभा केला. अर्धा दिवस लागला. काम झाल्यावर पाठीमागे न बघता म्हणाला, "उस दिन भी हो सकता था, मॅडमजी. आपको जल्दी थी, मेरे को भी थी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरही येऊन उभा राहिला. तीन मीटर खोलीवर चाचणी घ्यायची होती. रॉड भोकात सोडला, तळाला टेकवला, त्यावर खडूने खुणा केल्या. हातोड्याचा दोर धरून मजूर उभे होते, मोजणाऱ्याने 'एक' म्हणायला तोंड उघडलं होतं. आणि कोणी काही करायच्या आत रॉड आपल्याच वजनाने खाली निघाला. पहिली खूण गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. हात-दीड हात खाली जाऊन तो थांबला. मोजणाऱ्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"हातोडा तो अभी उठाया भी नहीं," ड्रिलर म्हणाला.

मी नोंदवहीत ठोक्यांच्या रकान्यात शून्य लिहिलं. मग जुन्या नोंदीचं पान काढून तिथे लिहिलं की दोन बोअर प्रत्यक्षात बारा मीटर पूर्वेला घेतले होते, आणि त्याखाली सही केली. त्याच दिवशी नवा रिपोर्ट करून पाठवला आणि छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. मला वाटलं, आता इमारत सरकवतील. खाणीच्या ऑफिसच्या मागे चांगली कडक जमीन होती, मी ती दाखवलीही.

इमारत सरकवली नाही. त्या कडक जमिनीवर खाणीचा माल साठवायचा होता. चार दिवसांनी खाण कंपनीचा कागद आला की जागा अयोग्य असल्यामुळे क्वार्टरचं काम पुढील सूचनेपर्यंत थांबवण्यात येत आहे. सोबत माझा नवा रिपोर्ट जोडला होता. मॅनेजरला नुसतं काम उरकायचं होतं, पण वर कंपनीला बांधायचं टाळायला एक कारण हवं होतं, ते मी सही करून दिलं. माझ्या ऑफिसनेही मला या कामावरून काढलं. त्यांच्या पत्रात चूक कबूल केल्याबद्दल दोन चांगले शब्द होते आणि पुढे 'चौकशी होईल' असं होतं. मॅनेजरने माझा पास मी न मागता सही करून पाठवला.

निघायच्या आदल्या दुपारी मी मेसमध्ये गेले. ती बाई भाताचं पातेलं घासत होती. तिला कळलं होतंच. मी समजावू लागले, की तिथे घर झालं असतं तर भिंती फाटल्या असत्या, रात्री-बेरात्री छत अंगावर आलं असतं, लेकरं आत झोपलेली असती. ती घासत राहिली. मग पातेलं उपडं घालून म्हणाली, "आन् आमी आता जिथं रायतो, तिथली माती कोनं पायली, म्याडम?"

मी पाहिली नव्हती. ती कुठे राहते हेही मी कधी विचारलं नव्हतं. तिने नेलं तेव्हा कळलं. खाणीतून निघणारी टाकाऊ माती आणि दगड जिथे ओततात, तो चार मजली ढिगारा मी रोज पाहायची. कामगारांच्या झोपड्या त्याच्या पलीकडच्या पायथ्याशी होत्या. तिच्या मागच्या भिंतीपासून तीन पावलांवर चढ सुरू होत होता. वरून गडगडत आलेले दगड भिंतीला टेकून पडले होते, त्यातल्या एकावर ती कपडे धुवायची. मी थोडी वर चढले. पाय घोट्यापर्यंत आत जात होता. वरच्या बाजूला मातीला आडवी भेग पडली होती, हात जाईल एवढी. खालचा भाग पाऊस जाऊन तीन महिने झाले तरी ओलसर होता. इथे रॉड, हातोडा, काहीच लागत नव्हतं.

खाली आले तेव्हा तिने चहा केला होता.

"काय म्हन्ते माती?"

"इथे राहू नका," मी म्हणाले. "पावसाळ्याआधी निघा इथून. सगळ्यांनीच."

"कुठं जाऊ?" ती चिडून बोलली नाही. "नवरा दोनदा सांगून आला हापिसात. थे म्हन्ते, ढिगारा खाली येते म्हून कोन म्हनलं?" मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी लिवून देता का? तुमच्या सईनं येवढी बिल्डिंग थांबली. एक कागद द्या, मी सगळ्या बायांले घेऊन जातो."

माझ्या खिशात पेन होतं आणि पिशवीत वही. लिहायचं काय तेही मला ठाऊक होतं, चार ओळींचं काम. पण मनात आलं, ढिगारा माझ्या कामात नव्हता. एक चौकशी डोक्यावर आहेच. पासवर सही झाली आहे, ती मागे घेतली तर मी पुन्हा त्या कॅबिनमध्ये. हे सगळं एका घोटाच्या वेळात मनात आलं, आणि आज ते लिहिताना मला लाज वाटते.

"देते," मी म्हणाले. "उद्या सकाळी देते, नीट लिहून."

"चहाच्या टायमाले येतो मंग कॅबिनवर," ती म्हणाली आणि माझ्या हातातला रिकामा कप घेतला.

दुसऱ्या दिवशी साडेसहालाच मला न्यायला गाडी आली. मेसच्या छपरातून धूर निघत होता, म्हणजे चहा नुकताच चुलीवर चढला असावा. मी बॅग मागे टाकली आणि पुढच्या सीटवर बसले.

"काही राहिलं तं नाई ना, म्याडम?" ड्रायव्हरने विचारलं.

मी नाही म्हणाले.